रंग, अंग आणि नोकरी

कॉलेजसाठी कारंज्याला नाहीतर अमरावतीला राहणारी मुलगी सुट्टीत कामरगावला घरी आली, की तिचा अभ्यास कुठवर आला हे विचारणारं क्वचितच कुणी भेटतं. पहिली चौकशी अंगाची. ‘काऊन वं, लय वाळली तू!’ वाळली नसेल तर ‘मेसचं जेवण मानवलं वाटते तुले.’ कपाळावर मुरुम आले असतील तर त्यावर चार घरगुती उपाय, आणि उन्हात एसटीची वाट बघून रंग उतरला असेल तर ‘काळवंडली पोट्टी, आता कसं होईन?’ बोलणारी मावशी असते, काकू असते, शेजारची आजी असते. मनात खोट नसते, मायाच असते. पण हीच मुलगी पुढे मुलाखतीला जाते तेव्हा फाईलमधल्या गुणपत्रिकेसोबत हे सगळे शेरेही घेऊन जाते.

शरीराबद्दलचा न्यूनगंड ही पुण्या-मुंबईच्या मुलींची चैन आहे, गावातल्या कष्टकरी बाईला असल्या गोष्टींना वेळ कुठे, असं बरेच शहाणे लोक म्हणतात. कामरगाव ज्या वाशिम जिल्ह्यात आहे, तो 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला, पुढे ‘आकांक्षित’, म्हणजे मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत गेला. कापूस, तूर, सोयाबीनचा हा पट्टा, इथल्या अडचणी वेगळ्या, हे मान्य. पण पश्चिम विदर्भातच अलीकडे घडलेल्या दोन गोष्टी पाहिल्या की ‘चैन’ हा शब्द मागे घ्यावा लागतो.

पहिली गोष्ट शेगाव तालुक्यातली. डिसेंबर 2024 च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या या तालुक्यात माणसांचे केस अचानक हातात येऊ लागले. आधी डोकं खाजायचं, मग तीन-चार दिवसांत टक्कल. पुढच्या काही आठवड्यांत दीडएक डझन गावांतल्या पावणेतीनशेहून अधिक लोकांची नोंद झाली. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी नावाजलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथे जाऊन नमुने घेतले. बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कितीतरी पटींनी वाढलेलं त्यांना आढळलं, आणि त्यांनी बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हाकडे. कारणाची चर्चा पुष्कळ झाली. पण मुलाखतींतून आणखी एक गोष्ट पुढे आली, तिच्याकडे फारसं कुणी थांबून पाहिलं नाही. बाधितांत कॉलेजातली मुलं-मुली बरीच होती. ती घराबाहेर पडेनाशी झाली, कितींनी तर लाजेपोटी उरलेलं डोकंही भादरून टाकलं. ठरत आलेली लग्नं अडकली. केस गेल्यानं वाचता येत नाही असं नाही, गणितं सुटत नाहीत असंही नाही, तरी शिक्षण थांबलं.

दुसरी गोष्ट अकोल्याची. एका घरातल्या आई आणि दोन मुली, तिघींनाही मूत्रपिंडाचा आजार झाल्याचं निदान झालं. तिघींचा समान धागा एकच सापडला: ओळखीच्या ब्युटिशियनकडून घेतलेलं उजळपणाचं क्रीम. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासण्या झाल्या, तेव्हा रक्तात आणि त्या क्रीममध्ये पारा निघाला. 2023 च्या सुरुवातीला ही बातमी छापून आली. त्याच सुमारास केरळमधल्या कोट्टक्कलचे मूत्रपिंडतज्ज्ञ अशाच रुग्णांच्या आजाराचं कारण शोधत होते. त्यांचा अभ्यास पुढे आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराच्या 15 रुग्णांपैकी 13 जणांनी उजळपणाची क्रीमं वापरल्याचं सांगितलं होतं.

पारा गोरं कसं करतो, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते, फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात यात. मेलॅनिन बनवायला टायरोसिनेज नावाचं विकर लागतं. पारा या विकराचं काम बंद पाडतो, म्हणून पंधरा दिवसांत चेहरा खरंच उजळतो आणि पार्लरवालीवरचा विश्वास दुणावतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो, रक्तातून मूत्रपिंडात साचतो. मूत्रपिंडाची चाळण बिघडली की लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, लघवीला फेस येतो, पायांवर आणि डोळ्यांखाली सूज येते. सौंदर्यप्रसाधनात पारा मुद्दाम घालायला भारतात बंदी आहे. नकळत आलेला अंशही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही (डोळ्यांच्या प्रसाधनांना मर्यादा बरीच सैल आहे). पण कंपनीचं नाव नसलेल्या, चिठ्ठी नसलेल्या डबीला कायदा विचारतो कोण?

पाऱ्यासारखीच दुसरी खोड म्हणजे स्टेरॉइडची ट्यूब. बेटामेथॅसोन, क्लोबेटासोल, किंवा मोमेटासोन-हायड्रोक्विनोन-ट्रेटिनॉइन असं तिहेरी मिश्रण. ही औषधं वाईट नाहीत, चर्मरोगतज्ज्ञ ती ठरावीक दिवसांसाठी देतात. बाळंतपणानंतर गालांवर वांग आलेली बाई ती शेजारणीच्या सांगण्यावरून वर्षभर लावते, तिथे घोटाळा होतो. आधी चेहरा नितळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते, उन्हात आग होते. थांबवलं की सगळं दुपटीनं उसळतं, म्हणून ती पुन्हा लावते. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. औषधाच्या दुकानात जाऊन नुसतं ट्यूबचं नाव सांगून बघा, ही मनाई किती पाळली जाते ते कळेल.

हा धोका बाया का पत्करतात? ‘अडाणीपणा’ हे उत्तर सोपं आहे आणि चुकीचं आहे. रंगाला बाजारात खरोखर भाव आहे, आणि तो फक्त लग्नाच्या बाजारात नाही. फेअर अँड लव्हली 1975 मध्ये भारतात आलं. पहिली काही वर्षं जाहिरातीत नवरा मिळायचा, नंतर नोकरी मिळू लागली. एका जाहिरातीत वडील मुलगा नसल्याचा उसासा टाकतात, सावळी मुलगी क्रीम लावते, हवाई सुंदरी होते आणि घराचं दैन्य फिटतं. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं तक्रार लावून धरली आणि 2003 मध्ये ही जाहिरात बंद झाली. काळ्या रंगाची व्यक्ती दुःखी, अयशस्वी किंवा नोकरी-लग्नात मागे पडलेली दाखवू नये, असा नियम जाहिरात मानक परिषदेनं 2014 मध्ये केला. 2020 मध्ये क्रीमच्या नावातलं ‘फेअर’ गेलं, ‘ग्लो’ आलं. डबीतला माल आणि डोक्यातला विचार मात्र बराचसा तोच राहिला, असं माझं मत. सावळ्या विठ्ठलाचा दाखला या विषयावर हमखास दिला जातो. तो देणाऱ्यांच्या घरची सून शोधताना स्थळाच्या माहितीत ‘गोरी, सडपातळ’ लिहिलेलं असतं.

आपल्याकडे रंगाला आणखी एक पदर आहे. निंदण-खुरपण, कापूस वेचणी ही कामं बाया करतात आणि विदर्भाच्या उन्हात करतात. चेहरा काळवंडला म्हणजे ही उन्हात राबते, आणि उजळ असला म्हणजे हिला शेतात जावं लागत नाही, हा अर्थ बघणारा न बोलता काढतो. म्हणजे रंग पाहताना माणूस वर्ग पाहतो, बऱ्याचदा जातही पाहतो. बँकेच्या काउंटरवर किंवा खासगी दवाखान्याच्या स्वागतकक्षात ‘शोभणारी’ मुलगी हवी असते तेव्हा नेमकं काय शोधलं जातं, हे यावरून समजावं.

आता मनाच्या आत काय घडतं ते पाहू. अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञ, बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि टॉमी-ॲन रॉबर्ट्स, यांनी 1997 मध्ये एक सिद्धान्त मांडला. मुलीला लहानपणापासून लोक बाहेरून न्याहाळत राहिले की ती स्वतःकडे स्वतःच बाहेरून पाहू लागते. बसताना, चालताना, बोलताना मनाचा एक भाग सतत पहाऱ्यावर असतो: पदर नीट आहे का, पोट दिसतंय का, दात दिसतायत का. पुढच्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसह एक प्रयोग केला. काही तरुण-तरुणींना एका बंद खोलीत पोहण्याचा पोशाख घालायला दिला, काहींना स्वेटर. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, फक्त आरसा. तशा स्थितीत गणिताची चाचणी घेतली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना स्वेटरवाल्या मुलींपेक्षा कमी गुण पडले, मुलग्यांत असा फरक दिसला नाही. एका प्रयोगावर इमला बांधू नये हे खरं. पण जिनं ऑनलाइन मीटिंगमध्ये पडद्याच्या कोपऱ्यातला आपलाच चौकोन बघत अर्धा तास काढला आहे, तिला हा निकाल पटायला अडचण येणार नाही.

फोनवरचा तो चेहरा खराही नसतो. कॅमेरा तोंडाजवळ असला की जवळच्या गोष्टी फुगून दिसतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिशेब मांडला होता: साधारण फूटभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा तळ पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतो. नाक तेच, दोष अंतराचा. ऑनलाइन मुलाखतीला फोन हातात न धरता टेबलावर, डोळ्यांच्या उंचीवर, दोन हात लांब ठेवावा, एवढी साधी गोष्ट आपल्या करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांत कुणी सांगत नाही. तिथे ‘आत्मविश्वास वाढवा’ असं सांगतात.

या ‘आत्मविश्वास वाढवा’वाल्यांचा आवडता दाखला म्हणजे 1980 मधला व्रणाचा प्रयोग. डार्टमाउथ कॉलेजच्या रॉबर्ट क्लेक आणि ए. स्ट्रेंटा यांनी सहभागींच्या चेहऱ्यावर रंगरंगोटी करून व्रण काढला, आरशात दाखवला, आणि ‘जरा क्रीम लावू’ म्हणून त्यांच्या नकळत पुसून टाकला. मग अनोळखी माणसाशी बोलायला पाठवलं. व्रण आहे असं समजणारे परत येऊन म्हणाले, समोरचा अवघडला होता, आमच्याकडे नीट बघत नव्हता. चेहऱ्यावर तर काहीच नव्हतं. तात्पर्य काय काढतात? सगळं तुमच्या मनाचं आहे.

हे तात्पर्य अर्धंच आहे. समोरच्या माणसाच्या मनातही पुष्कळ काही असतं, हे दुसऱ्या बाजूच्या संशोधनानं दाखवलंय. डॅनियल हॅमरमेश आणि जेफ बिडल या अर्थतज्ज्ञांनी 1994 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या पगारांची आकडेवारी तपासली. दिसायला ‘साधारणपेक्षा कमी’ ठरवलेल्यांना पगारही कमी होता, पुरुषांनासुद्धा. 2011 मध्ये टिमोथी जज आणि डॅनियल केबल यांनी वजन आणि पगार जोडून पाहिले. अति सडपातळ बायकांचा पगार सर्वांत जास्त, आणि बाई सडपातळपणाकडून साधारण वजनाकडे सरकली की लगेच पगार घसरायला लागतो. पुरुषांचं उलट, थोडं वजन वाढलं तर त्यांचा पगारही वाढतो. म्हणजे जाड बाईला शिक्षा आहेच, पण साध्या, निरोगी बांध्याच्या बाईलाही थोडी आहे. आपल्याकडे 2009 मध्ये एअर इंडियानं ठरवून दिलेल्या वजनात न बसणाऱ्या हवाई सुंदरींना नोकरीवरून काढलं होतं. दिसण्यावरून नोकरीत भेदभाव करू नये असा स्वतंत्र कायदा भारतात आजही नाही.

तेव्हा बाईचं नुकसान दोन्हीकडून होतं. बाहेर भेदभाव आहे म्हणून ती सावध होते, आणि सावधपणात निम्मं लक्ष खर्च होतं. याहून मोठं नुकसान दिसतच नाही, ते टाळण्यात असतं. बचत गटाचा सगळा हिशेब जिच्या बोटांवर आहे, ती तालुक्याच्या मेळाव्यात माइक दुसरीकडे सरकवते. दात पुढे आहेत म्हणून एखादी शिक्षिका स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन कधीच घेत नाही. अंगावर कोडाचा डाग आलेली मुलगी ‘ऑफिस नको, घरूनच शिकवण्या घेते’ म्हणते. (कोड संसर्गानं पसरत नाही, हे इथे एकदा लिहून ठेवतो, शिकलेल्या घरांतही हातात पाण्याचा पेला द्यायला कचरणारे लोक आहेत.) अशा बाईला कुणी नाकारलेलं नसतं. तिनं अर्जच केलेला नसतो, त्यामुळे तिची नोंद कुठल्याच आकडेवारीत होत नाही. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, पण आरक्षण खुर्चीपर्यंत नेतं. ग्रामसभेत चारशे डोळ्यांसमोर उभं राहून बोलणं ही पुढची पायरी.

स्मिता पाटीलचं उदाहरण द्यायचा मोह होतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी सावळी मुलगी, पुढे ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी राष्ट्रीय पुरस्कार. 2021 च्या जानेवारीत अभिनेत्री वनिता खरातनं आपल्या जाड शरीराचा, कपड्यांविना काढलेला फोटो निर्धास्तपणे लोकांसमोर ठेवला, तेही धाडस मोठंच. पण अपवादांवर फार विसंबू नये. स्मिताच्या रंगाला आपल्या पडद्यानं जागा दिली ती मुख्यतः झोपडीत आणि शेतात. सावळी कलेक्टरीण किंवा सावळी बँक मॅनेजर त्या पडद्यावर फारशी दिसली नाही.

मला जास्त आशा वाटते ती पोलीस भरतीच्या मुलींकडे बघून. वाशिम जिल्ह्यातल्या गावागावांत पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या मुली आता दिसतात. महिला उमेदवारासाठी उंची किमान 155 सेंटिमीटर. मैदानी चाचणी 50 गुणांची: 800 मीटर धावणं 20 गुणांना, 100 मीटर धावणं 15 आणि गोळाफेक 15. इथेही शरीरच मोजलं जातं, पण मोजमाप उघड आहे आणि बहुतेक सगळं ते शरीर काय करू शकतं याचं आहे. गोळा फेकणाऱ्या मुलीच्या जाड दंडाला गुण मिळतात. उन्हानं रापलेल्या चेहऱ्याचा एकही गुण कापला जात नाही. उंचीच्या अटीत न बसणाऱ्या मुलीवर अन्याय होतो हे खरं, पण निदान तिला तो आधी कळतो, ती दुसरी वाट धरते. ‘स्मार्ट, प्रेझेंटेबल मुली पाहिजेत’ या जाहिरातीत कोणती अट हुकली हे कधीच कळत नाही, म्हणून दोष स्वतःच्या चेहऱ्याला दिला जातो.

शरीर काय करतं याकडे लक्ष वळवण्याचा उपयोग संशोधनातही दिसला आहे. जेसिका अलेवा आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये आपल्या शरीरावर नाराज असलेल्या बायकांकडून तीन छोटे लेखनाचे स्वाध्याय करून घेतले. विषय एकच: माझं शरीर कायकाय करू शकतं. त्यानंतर त्यांची नाराजी कमी झालेली आढळली. कापूस वेचणाऱ्या बाईला यावर लिहायला सांगितलं तर वही पुरणार नाही.

दिसण्याच्या नादात शरीराच्या खऱ्या तक्रारीकडे दुर्लक्ष होतं, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखा काळा पट्टा दिसला की मुलगी ‘मळ’ म्हणून लिंबानं घासते. तो बहुतेकदा मळ नसतो, शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण असते. सोबत पाळी पुढे जात असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर पीसीओएसची तपासणी करायला हवी, ब्लीच नव्हे. आणि जिचा ‘नितळ गोरेपणा’ वाखाणला जातो तिचं रक्त एकदा तपासावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (2019–21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. साधारण दर पाच बायकांत एक गरजेपेक्षा बारीक, आणि तितक्याच, किंबहुना थोड्या जास्तच, वजनानं जास्त. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर दम लागतो, लक्ष लागत नाही, दुपारनंतर अंग गळतं. हाही आत्मविश्वास कमी होण्याचाच प्रकार आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी आणि लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, उजळपणाच्या डबीला मात्र पैसे पडतात.

घेतलेल्या क्रीमवर उत्पादकाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर ते आजच टाकून द्या. वापर झाला असेल आणि पाय सुजत असतील, लघवीला फेस येत असेल, तर लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना डबी दाखवा. लाजून लपवू नका, निदान बऱ्याचदा त्या डबीवरच अवलंबून असतं.

बाकीचं काम बायकांचं नाहीच, नोकरी देणाऱ्यांचं आहे. जाहिरातीतला ‘प्रेझेंटेबल’ काढा, कामाला लागणारी अट लिहा. अर्जावर फोटो मागू नका, तो हजेरीपटाला लागतो, निवडीला नाही. मुलाखतीचे प्रश्न आधी कागदावर लिहा, प्रत्येक उमेदवाराला तेच विचारा, गुण लगेच द्या आणि चर्चा नंतर करा. अशा बांधीव मुलाखतीत दिसण्याचा प्रभाव कमी पडतो आणि कामाचा माणूस ओळखायची शक्यता वाढते, हे निवडप्रक्रियेवरच्या संशोधनात अनेकदा सिद्ध झालंय. पतसंस्था, खासगी शाळा, दवाखाना, मोठं दुकान, कुणीही हे उद्यापासून करू शकतं. त्याला शासन निर्णय लागत नाही आणि खर्चही नाही.